पॅकरचं कपाट

जो माल हलतो तो फुटतो, असं पॅकर म्हणायचा. म्हणायचा एवढंच, पण इतक्या वेळा म्हणायचा की त्याचा मुलगा बोलायला लागला तेव्हा आई-बाबांच्या खालोखाल हेच वाक्य शिकला असेल. काचेच्या कारखान्यात पॅकरने उभा जन्म काढला तो माल भरण्यात. दिव्यांच्या काचा, फुलदाण्या, नाजूक मानेचे पेले, अत्तराच्या बाटल्या, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. खोक्याच्या तळाला फोम, बाजूंना फोम, फटींत फोमचे तुकडे, वरून पुन्हा फोम आणि मग झाकण. झाकण लागलं की तो खोकं कानाशी धरून तान्ह्या पोराला खेळवावं तसं हलवायचा. आतून जरा जरी 'टक्' आलं तरी खोकं उघडायचं आणि पहिल्यापासून भरायचं. बरोबरचे लोक वैतागायचे. पण हमाल खोकी आपटायचे, गाड्या खड्ड्यांतून धडधडत जायच्या, आणि पॅकरने भरलेला माल मात्र जसाच्या तसा पोचायचा. त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्याखेरीज कुणाला आठवेनासं झालं. सासरची माणसंसुद्धा त्याला पॅकरच म्हणायची.

घरीही तोच खाक्या. मुलगा शिकायला परगावी निघाला तेव्हा त्याची ट्रंक पॅकरने भरली. तिकडे खोलीतल्या सगळ्या पोरांनी मिळून ती उघडली, आणि उघडल्यावर मग कुणालाच ती बंद करता येईना. पॅकरने बांधलेलं पार्सल सोडवायला आधी कात्री, मग सुरी आणि शेवटी शिव्या लागतात, असं त्याची बायको म्हणायची. हे ऐकून तो खूश व्हायचा. त्याच्या लेखी ते कौतुकच होतं.

बायको त्याच कारखान्यातली. रंगखात्यात बसून दिव्यांच्या काचांवर फुलं काढायची. तिच्या कुंचल्याला केस किती असतील कोण जाणे, पण तिने ओढलेली रेघ कोळ्याच्या धाग्यासारखी यायची आणि कुठे अडखळायची नाही. दोघांची ओळख झाली ती भांडणातून. तिच्या खात्यातून काचा येण्याची वाट बघत पॅकर दारात उभा राहायचा आणि 'झालं का, झालं का' करून तिचं डोकं खायचा. एकदा ती उसळून म्हणाली, "रंग वाळू द्या ना! काच काय पळून जातेय?" पॅकरला अशी उत्तरं द्यायची सवय नव्हती आणि ऐकून घ्यायची त्याहून नव्हती. तो गुपचूप परत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र जरा लवकरच येऊन दारात उभा राहिला.

आगगाडीचं खूळ घरात शिरलं ते मुलामुळे. त्याला वाढदिवसाला एक गाडी आणली, गोल फिरणारी, विजेवर चालणारी. पोराचं कौतुक ओसरलं, आईबापांचं वाढलं. मुलगा चेंडू घेऊन बाहेर पळायचा आणि हे दोघं जमिनीवर पालथे पडून इंजिन का अडतंय ते बघायचे. पुढे मागच्या खोलीत भिंतीला धरून लाकडी टेबलं आली, टेबलांवर रूळ आले, पूल आला, बोगदा आला, पत्र्याचं स्टेशन आलं. रूळ, तारा, सांधे हे पॅकरचं काम. डबे हे तिचं. डबे ते साधेच घ्यायचे, कोऱ्या बाजूंचे, खिडक्या न कापलेले. खिडक्या ती रंगवायची. काच रंगवून रंगवून तिला काच दिसते कशी हे पाठ झालं होतं. तिने काढलेल्या खिडकीवर बोट ठेवलं की ते आत जाईल असं वाटायचं.

आणि खिडक्यांत माणसं असायची. सुरुवातीला कुणीही, टोपीवाला, वेणीवाली, झोपलेलं मूल. मग तिची आई गेली. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली. संध्याकाळी पॅकरने पाहिलं तर निळ्या डब्याच्या पहिल्या खिडकीत सासूबाई बसल्या होत्या. नखाएवढा चेहरा, पण डावी भुवई तश्शी वर चढलेली, जावई काही बोलला की चढायची तशी. तेव्हापासून तो रिवाजच पडला. आपलं माणूस गेलं की ती त्याला गाडीत बसवायची. तिचा भाऊ, शेजारची आजी, रंगखात्यातली तिची मैत्रीण, कारखान्याचा तिरसट मुकादम, चष्म्यासकट. भाऊ आणि मुकादम एका डब्यात नकोत, भांडतील, म्हणून मुकादमाला तिने मागच्या डब्यात घातलं. पॅकर विचारायचा, "आणि मला कुठे बसवणार?" ती म्हणायची, "तुम्हाला मालडब्यात. चारी बाजूंनी फोम लावून." मग दोघं हसायचे. संध्याकाळी चहा झाला की ती गाडी सोडायची आणि सगळी गेलेली माणसं बोगद्यातून निघून पुलावरून तिच्यासमोरून जायची. ती काही बोलायची नाही, रडायची नाही. बघायची फक्त. पॅकरला ते कळायचं तितकं कळायचं, पण तेवढा वेळ तो खोलीत आवाज करायचा नाही.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ती एका बाजूला कलली आणि पॅकरने 'अगं, काय झालं' म्हणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा निघू लागला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा प्रश्न पडला पलंगाचा. न्हाणीघराला लागून एकच खोली होती. मागची.

तेव्हा टेबलं निघाली. ज्याने जोडलं त्यानेच सोडवायचं. पूल उतरवताना पॅकरचे डोळे भरून आले, पण मुलगा मदतीला आला होता, त्याच्यासमोर रडायचं कसं म्हणून तो स्क्रूवर ओरडत राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, डबे मी घेऊन जातो. माझ्याकडे कपाट आहे, सुरक्षित राहतील." पॅकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जपून ठेवणं हे त्याला शिकवायचं? त्याला? "डबे इथेच राहतील," तो म्हणाला. "तिच्या डोळ्यांसमोर."

बायकोच्या पलंगासमोरच्या भिंतीवर त्याने कपाट बांधायला घेतलं. उथळ खणांचं, एकावर एक, नकाशे ठेवायच्या कपाटासारखं. प्रत्येक खणात डब्याच्या मापाचे कप्पे. माप एकदा घ्यायचं, दुसऱ्यांदा घ्यायचं, आणि कापायच्या आधी उगीच तिसऱ्यांदा घ्यायचं. ती पडल्या पडल्या बघायची. करवतीचा भुसा तिच्या चादरीवर उडायचा, तो म्हणायचा, "त्रास होतोय का गं?" ती मान हलवायची, नाही. तिला बरं वाटत होतं. घरात कुणीतरी काहीतरी करतंय, तिच्यासाठी करतंय, एवढंच त्या दिवसांत तिला पुरत होतं.

पॅकरचा एक जुना मित्र होता, घड्याळजी. दुकान मुलाला देऊन मोकळा झालेला आणि म्हणून दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसायला पूर्ण वेळ असलेला. आगगाडीचं वेड त्यालाही होतं. तो येऊन बसला, खण ओढून बघितले आणि म्हणाला, "खणात रुळाचा एकेक तुकडा बसव. डबे आपल्या चाकांवर उभे राहू देत. बाजूंना जागा सोड, हवा खेळू दे."

"चाकांवर उभे केले तर हलतील."

"हलू देत की. डबे आहेत ते."

"हलतं ते फुटतं," पॅकर म्हणाला. "आडवे झोपवणार. फोममध्ये."

"मग निदान मधे मऊ कागद तरी घाल. रंगाला फोम चिकटवू नकोस. रंग आहे, त्याला श्वास घ्यावा लागतो."

"कागद चुरगळतो. वळ्या पडतात, वळीने ओरखडा येतो. आणि श्वास काय घेतो रे? मी काय माणसं पुरतोय का?"

घड्याळजी म्हणाला, "अति तिथे माती, एवढं लक्षात ठेव," आणि चहा पिऊन गेला. पॅकरला वाटलं, याने आयुष्यभर काचेखालची चाकं पाहिली. याला भरणं काय कळणार.

कारखाना सोडताना त्याने फोमची एक जाडजूड गुंडाळी मागून आणली होती. माळ्यावर कधीची पडून होती. ती त्याने उतरवली, झटकली, वास घेतला. ओळखीचा वास. सगळ्या जन्माचा वास. धारदार सुरीने त्याने फोम कापला, कप्प्याकप्प्यांत बसवला, आणि एकेक डबा त्यात असा दाबून घातला की चारी अंगांनी फोमने त्याला कवेत घ्यावं. वर पुन्हा फोमची चादर. खणांच्या कडांना धूळ आणि दमट हवा शिरू नये म्हणून रबराची पट्टी लावली. शेवटी तो एकेक खण काढून कानाशी धरायला लागला. बायको पलंगावरून हसली. वाकड्या तोंडाने हसली, पण हसली, झटक्यानंतर पहिल्यांदाच. कुठल्याच खणातून आवाज आला नाही. "बघ," तो म्हणाला, "फुलासारखे आहेत. तू उठून बस, मी पलंगाभोवती फळी मारतो, फळीवर रूळ टाकतो. गाडी तुझ्याभोवती फिरवतो."

तिने विचारलं, "सगळी... माणसं?"

"सगळी. मुकादमासकट."

व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. ती आली की घर जागं व्हायचं. बोलायची एवढं की तिचं तोंड म्हणून मिटायचं नाही. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं की या काकूंना हात उचला, पाय उचला म्हणून काही उपयोग नाही, त्या भिंतीकडे तोंड करून पडतात. पण गाडीचं नाव काढलं की डोळे उघडतात. मग तिने तेच धरलं. "काकू, हा पाय एवढा उचलला की इंजिन निघालं. काकू, बसलात की बोगदा पार. उभ्या राहिलात की स्टेशन." पॅकरला ती म्हणाली, "काका, औषध डॉक्टर देतायत ते देतायत. खरं औषध तुमच्या त्या कपाटात आहे." पॅकरचा ऊर भरून आला. त्या दिवशी त्याने कपाट ओल्या फडक्याने पुसलं, आधीच स्वच्छ होतं तरी.

उन्हाळा कडक गेला. खोलीवर पत्रा होता. दुपारी तो असा तापायचा की पॅकर वर चढून ओली पोती टाकायचा, पंखा तिच्याकडे वळवायचा, पाणी शिंपडायचा. कपाटाला वाळवी लागते का, दमट हवा जाते का, याची काळजी त्याने केली होती. उन्हाची केली नव्हती. काचेला ऊन काही करत नाही.

ऊन उतरायला लागलं तशी ती उशांच्या आधाराने बसू लागली. व्यायामवाली म्हणाली, पुढच्या आठवड्यात खुर्चीत बसवू, तेव्हा एखादा डबा काकूंच्या हातात द्या. पॅकर म्हणाला, "एक कशाला, निळी गाडीच देतो." चाकांना तेल द्यावं म्हणून, ती दुपारी झोपलेली असताना, त्याने वरचा खण ओढला.

फोमची चादर उचलायला गेला तर ती उचलेना. कडेला बोट घातलं तर बोट चिकट झालं. पॅकरला काही कळलं नाही. आयुष्यभर त्याने फोम हाताळला होता, पण त्याचा फोम भरून बाहेर जायचा. नंतर त्याचं काय होतं हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. काही दिवसांत कुणीतरी खोकं उघडायचं, माल काढायचं आणि फोम फेकून द्यायचं. उन्हाळाभर उष्णतेत पडून राहिला की तो म्हातारा होतो, विरघळतो, डिंकासारखा होतो, हे त्याला कोण सांगणार? त्याने हळूच ओढलं. जखमेवरची पट्टी निघावी तसा आवाज आला. निळ्या डब्याची बाजू समोर आली, आणि तिच्यावर निळा रंग नव्हता. खाली पांढरं, मधे निळ्याचे पोपडे. खिडक्या नव्हत्या. चादर उलटी करून पाहिली तर तिच्यात सासूबाई होत्या, अर्ध्या. भुवई होती. खालचा चेहरा ताणून लांब झाला होता.

त्याने दुसरा डबा काढला. मग खालचा खण. मग त्याच्या खालचा. आता काढू नये, हात लावू नये, हे त्याला कळत होतं. पण हात थांबेनात. प्रत्येक वेळी वाटायचं, हा तरी बरा असेल. तिचा भाऊ गेला. मैत्रीण गेली. मुकादमाचा चष्मा फोममध्ये राहिला आणि बाकीचा मुकादम बोटाला चिकटून आला. पॅकर कपाटासमोर फरशीवर बसला. मागे ती शांत झोपली होती, तोंड किंचित उघडं. ज्या हाताने ही माणसं काढली तो हात चादरीवर पालथा पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. ती माणसं आता पुन्हा कोण काढणार? कुणी नाही. पॅकरला हे त्या क्षणी लख्ख कळलं.

घड्याळजीला बोलावलं. त्याने भिंग लावून एक डबा बघितला, दुसरा बघितला. एका डब्याच्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने तेल लावून पाहिलं, दुसऱ्यावर स्पिरिट. उरलासुरला रंगही निघाला. त्याने भिंग काढून खिशात ठेवलं. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर पॅकरला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. तो म्हणाला, "वहिनींना सांग. आजच सांग. उद्यावर गेलं की जड होईल."

"सांगतो," पॅकर म्हणाला.

सांगितलं नाही. कसं सांगणार? ती खुर्चीत बसायच्या तयारीत होती. डबे पुन्हा कप्प्यांत घातले, चादर पसरली, खण बंद केले, आणि बायकोला, व्यायामवालीला सांगितलं की इंजिनाची मोटर घड्याळजीकडे दुरुस्तीला दिलीय, गाडी निघेल तर सगळी एकदम निघेल, अर्धवट काय मजा. दोघींनाही ते पटलं. पॅकर आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला माहीत नव्हतं की एका खोट्याला नेहमी दुसरं जोडीदार लागतं. मोटरीनंतर चाकं बिघडली. चाकांनंतर फळीचं लाकूड मनासारखं मिळेना. ती ऐकायची आणि मान हलवायची. तिचा पॅकरवर विश्वास होता. साऱ्या जगाचाच होता.

एकदा न्हाणीघरात दार लावून त्याने स्वतः रंगवून पाहिलं. तिचाच सगळ्यात बारीक कुंचला घेतला. सासूबाईंचा चेहरा काढायला गेला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. डोळे लावलेला बटाटा. त्याने तो बोटाने पुसला, आणि पुसलेलं बोट किती तरी वेळ नळाखाली धरून उभा राहिला.

इकडे ती सुधारत होती. हेच तर भयंकर होतं. डाव्या हाताने चमचा धरू लागली. खुर्चीत बसली. शब्द जरा सुटे होऊन येऊ लागले. पॅकर दुकानात गेला की या दोघींची काहीतरी खुसुरफुसुर चालायची, तो आला की थांबायची. मुलाचा फोन आला की ती डाव्या कानाला लावून सांगायची, "गाडी... येणार." आणि पॅकर मान खाली घालून भाजी चिरत राहायचा.

एका सकाळी ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली, कुणाचाही आधार न घेता. व्यायामवालीने टाळ्या वाजवल्या. पॅकरनेही वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता त्याच्या मनात आलं, पडू दे. कल एका बाजूला. आज नको जमायला तुला. उद्याही नको. असंच राहू दे सगळं, म्हणजे मला कधी कपाट उघडावं लागणार नाही. आलं आणि गेलं, डोळ्याची पापणी लवावी एवढ्यात. पण त्याने ते ऐकलं होतं, स्वतःच्याच आवाजात. ज्या बाईला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं, ती पडावी म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता. त्याला स्वतःची अशी किळस आली की तो अंगणात जाऊन उभा राहिला. शेजारीण म्हणाली, "काका, काकू बऱ्या होतायत म्हणे! तुमच्या सेवेचं चीज झालं हो." पॅकर म्हणाला, "हो ना."

त्या दिवशी संध्याकाळी त्याने ठरवलं, आज सांगायचं. तिच्या पायाशी बसला. तिने विचारलं, "काय हो?" तिच्या चेहऱ्याची डावी बाजू इतकी उजळलेली होती की त्याच्याने तोंड उघडवेना. "काही नाही," तो म्हणाला. "पाय चेपू का?" ती म्हणाली, चेपा. त्याने चेपले.

पुढे काही दिवसांनी तो औषधं आणायला गेला होता. व्यायामवाली घरीच होती. परत आला तर ती पोरगी पुढच्या दारात उभी, चेहरा फुललेला, तोंडावर बोट. "काका, पिशवी ठेवा," ती कुजबुजली. "डोळे मिटा. मी नेते तुम्हाला आत. किती दिवस चोरून सराव करतोय माहितीये? काकू म्हणाल्या, ह्यांना आधी कळू द्यायचं नाही."

पॅकरने डोळे मिटले नाहीत. तिचा हात सोडवून तो आत गेला.

बायको उभी होती. पलंग मागे राहिला होता, खुर्ची मागे राहिली होती, आणि ती कपाटाची कड डाव्या हाताने धरून, पाठ त्याच्याकडे करून, आपल्या पायांवर उभी होती. वरचा खण ओढलेला होता. फोमची चादर अर्धी उलटलेली होती. ती खाली बघत होती.

पॅकर तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिला वळता येत नव्हतं. तिने मान वळवायचा प्रयत्न केला, तोही सोडून दिला, आणि खणाकडे बघतच विचारलं, "कधी?"

त्याला म्हणता आलं असतं, अरे देवा, हे काय झालं, मी तर आत्ताच बघतोय. जिभेवर आलंही होतं. तिने विश्वास ठेवला असता.

"उन्हाळ्यात," तो म्हणाला.

"तुम्हाला... माहीत होतं."

"हो."

ती थांबली. शब्द जुळवायला तिला वेळ लागायचा, आणि पॅकर उभा राहिला, जसा कधीकाळी रंगखात्याच्या दारात उभा राहायचा. खणात तिची आई उलटी चिकटली होती. शेजारी पांढरा डबा आडवा पडला होता.

"आणि रोज म्हणालात, बस," ती म्हणाली. "ऊठ म्हणालात. पाय उचल. अजून एक. अजून एक."

"हो गं."

"मग मला उठवलंत कशाला?"

दारातून व्यायामवाली पुढे झाली. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलं असलं तरी कळलं नव्हतं. "काका, बघताय ना? स्वतः चालत गेल्या! मी हातसुद्धा लावला नाही!"

पॅकरने बायकोच्या कमरेभोवती दोन्ही हात घातले. तिने कपाटाची कड सोडली. ती पडली नाही, त्याने धरलं होतं. पण अंगातला सगळा भार तिने त्याच्यावर टाकला, आणि तो भार तिने पुन्हा कधी स्वतःच्या पायांवर घेतला नाही.